इंजिनांचं साटंलोटं

जून लागला की आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर बरंच काही बंद होतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना सरकारी मासेमारीबंदी, चिरेखाणींत गुडघाभर पाणी, आंब्याच्या शेवटच्या पेट्या घाट चढून गेलेल्या. दहा महिने ज्या पिकअपला धड धुवायलाही सवड मिळत नाही, ती मांगरात उभी राहते आणि तिचा मालक पडवीत बसून पागोळ्या बघतो. रिकामा माणूस आणि रिकामी गाडी इतक्या जवळ ठेवू नयेत. आधी तो नुसतं फडकं मारायला म्हणून जातो. मग बॉनेट उघडतो. मग एक बोल्ट ढिला वाटतो म्हणून पोराला पाना आणायला पिटाळतो. बोल्ट ढिला नसतो, पण आता होतो. कोकणातल्या निम्म्या गाड्या अशाच पावसाळ्यात खोलल्या जातात आणि नारळी पौर्णिमा तोंडावर आली की धावतपळत जोडल्या जातात.

अशाच एका पावसात आमच्या नात्यातल्या दोन चुलतभावांनी आपापल्या पिकअपची इंजिनं, गिअरबॉक्ससकट, एकमेकांत बदलून घेतली. थोरला राहतो वायरीला, समुद्राच्या कडेला. त्याची गाडी मासळीची. धाकटा कट्ट्याला. त्याची गाडी घाटावरची: इथून आंबा, काजू, नारळ घेऊन कोल्हापूर, आणि येताना भाजी. दोन्ही गाड्या महिंद्राच्या, विशी ओलांडलेल्या, रंगाने पांढऱ्या म्हणण्याची पद्धत आहे. पण नाकाखाली कुळं मात्र अगदी वेगळी.

थोरल्याच्या गाडीत होतं डीआय. हे इंजिन मुळात शेतकरी. १९६३ साली महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीबरोबर ट्रॅक्टर काढायला घेतले, त्या ट्रॅक्टरांच्या घराण्यातून हे डिझेल इंजिन पुढे जीपगाड्यांत आलं. २५२३ सीसी. सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १०१.६. हे आकडे असे चमत्कारिक का, असा प्रश्न पडला तर इंचात मोजून बघावं: साडेतीन इंच आणि चार इंच. आपण मेट्रिक झालो, गाडीही मेट्रिक झाली, इंजिन पोटातून इंचीच राहिलं. धाव लांब असल्यामुळे ते सावकाश फिरतं, पण खालच्या वेगातच असं ओढतं की नांगराची आठवण गेलेली नाही हे कळतं. डिझेलचा फवारा थेट पिस्टनच्या डोक्यावर पडतो, त्यामुळे तेल कमी पितं आणि आवाज मात्र पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखा करतं.

धाकट्याच्या गाडीत प्युजो. हे फ्रेंच. कंपनीचं त्याचं नाव एक्सडीपी ४.९०, म्हणजे सिलिंडर चार आणि व्यास ९० मिलिमीटर. धाव फक्त ८३, एकूण २११२ सीसी. फ्रान्सचा परवाना घेऊन महिंद्राने ते कसारा घाटाच्या माथ्यावर इगतपुरीला बनवलं. याच्यात डिझेल आधी डोक्यातल्या एका छोट्या कोठडीत पेटतं आणि तिथून सिलिंडरमध्ये उतरतं. त्यामुळे आवाज मऊ, चाल गुळगुळीत, स्वभाव मोटारीचा. पण त्याला भराभर फिरायला हवं असतं. कमी फेऱ्यांत ओझं ओढायला लावलं की ते धापा टाकतं. शिवाय सकाळी चालू करण्याआधी हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबावं लागतं.

आता गंमत बघा. चार इंच धावेचं, घाटासाठीच जन्माला आलेलं इंजिन मालवण-कसाल-कुडाळ अशा सपाटीवर बांगड्यांचे क्रेट वाहत होतं. आणि सपाट रस्त्यावर सुखाने नांदलं असतं ते नाजूक फ्रेंच इंजिन फोंडा घाटात पहिल्या गिअरवर रडत होतं. मागच्या ट्रकवाल्याचा हॉर्न, पुढे धुकं, आणि तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकलेला. धाकटा म्हणायचा की, घाट चढताना मी गाडी चालवत नाही, मनातल्या मनात ढकलतो.

तरीही एवढ्याने काही झालं नसतं. आपल्याकडे न जुळणारी जोडपी वर्षानुवर्षं निभावून नेतात. विषय पेटला तो थोरल्याच्या घरातून. वहिनीने घराच्या मागच्या अंगाला पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या. किल्ला बघायला, पाण्याखालचे मासे बघायला लोक येतात, वर आलेले मासे खातात आणि रात्री समुद्राची गाज ऐकत झोपतात. पहाटे चारला थोरला लिलावासाठी बंदरावर निघे, आणि खिडकीखाली साडेतीन इंची पिस्टन जागे होत. पाहुणे चहाच्या वेळी विचारत, "काल पहाटे काय फुटलं हो?" वहिनीने बरेच दिवस फटाके, मग शेजारी, मग समुद्र अशी उत्तरं दिली. शेवटी एका रात्री तिने नवऱ्याला सांगून टाकलं, "एकतर गाडी लांब लावा, नायतर खोलयो बंद करा."

इथपर्यंत सगळं सरळ आहे. एकाला आवाज नको, दुसऱ्याला जोर हवा. दोघांकडे एकमेकांना हवं ते आहे. वहिनीने लगेच उपाय सुचवला, आणि तो बिनतोड होता, "मगे गाडयोच बदला ना. चावयो बदला आणि मोकळे व्हा."

दोघे भाऊ तिच्याकडे असे बघू लागले की जणू तिने नवरे बदला म्हटलंय.

याला एक कारण खरोखर व्यवहाराचं होतं. मासळीच्या गाडीचा हौदा म्हणजे नुसता पत्रा नसतो. बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं त्यातून झिरपलेलं असतं. ते खाली चासीपर्यंत पोचतं आणि लोखंडाचा पापुद्रा पापुद्रा सोडवत नेतं. सिंधुदुर्गाच्या पायात शिवाजी महाराजांनी शिसं ओतलं म्हणून तो खाऱ्या पाण्यात साडेतीनशे वर्षं उभा आहे, असं आमच्याकडे सांगतात. पिकअपच्या पायात कोणी काही ओतत नाही. गंज एक वेळ रंगाखाली लपतो, पण वास कुठे लपवणार? धाकटा म्हणाला, "त्या हौद्यात आंबो घातलंय तर तो बांगड्याचो वास घेवन कोल्हापुराक जातलो." आणि हापूसची पेटी उघडल्यावर बांगडा दरवळला तर घाटावरचा व्यापारी काय म्हणेल, याची कल्पना करवत नाही. म्हणून हौदे जिथल्या तिथे राहिले पाहिजेत, हे ठरलं.

दुसरं कारण वासाचं नव्हतं. गाडीच्या कपाळावर थोरल्याने 'श्री देव रामेश्वर प्रसन्न' लिहून घेतलं होतं, धाकट्याने 'सातेरी माउली प्रसन्न'. नंबर ओळखीचा झालेला. पहिला हप्ता भरायला कोणी सोनं गहाण टाकलं होतं, हे दोन्ही घरांत तोंडपाठ. गॅरेजवाल्या मेस्त्रीने तर वहिनीहूनही शहाणा सल्ला दिला होता, "जमात सगळा. पण माझा ऐका, एक विका. दोन गाडयांची एक गाडी झकास होतली." त्याचं गणित चोख होतं. एकीची बॉडी, दुसरीचं इंजिन, उरलेलं भंगारात. मुंबईच्या एका चाकरमान्याने फोनवर तिसराच मार्ग सांगितला की, कुर्ल्याला अख्खं इंजिन मिळतं, एवढी यातायात कशाला? पण ज्यांच्या घराच्या सातबाऱ्यावर मयत माणसं धरून तीसेक नावं आहेत आणि एका फणसाच्या उत्पन्नाचे सहा हिस्से आहेत, त्यांना 'दोघांत एक' हे सूत्र सुचवणं म्हणजे नवा दावा सुरू करून देणं. दोघांत दोनच राहिल्या पाहिजेत. फक्त आतलं काळीज इकडचं तिकडे.

मेस्त्रीने पानाची पिंक टाकली आणि चेनपुली आणायला पोरगा पाठवला.

मेस्त्रीचं गॅरेज म्हणजे चार खांबांवर टाकलेले पत्रे. पावसात त्याखाली उभं राहिलं की बोलणं ऐकू येत नाही, आणि मेस्त्रीला तेच बरं वाटत असावं. आडव्या वाशाला चेनपुली टांगली. आधी बॉनेट, रेडिएटर, समोरची जाळी निघाली. मग गाडीखाली जाऊन प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट, क्लचची जोडणी, सायलेन्सर, वायरी. एकेक सुटत गेलं तसतशी गाडी समोरून बोळकी दिसायला लागली. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे न करता एकच लगड उचलायची, हे मेस्त्रीने आधीच ठरवलं होतं, आणि त्यात त्याचं शहाणपण दिसतं. इंजिन एका घराण्याचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्या घराण्याचा जोडायला गेलं की भांडण बेल हाउसिंगमध्ये सुरू होतं: भोकं जुळत नाहीत, क्लचप्लेटचे दाते शाफ्टवर बसत नाहीत, मध्ये जाड पट्टी कातून घालावी लागते. जोडपं जसंच्या तसं हलवलं की तिथलं भांडण टळतं.

म्हणजे ते पुढे जाऊन होतं, एवढंच.

इंजिन चासीवर ज्या रबरांवर बसतं त्यांना गॅरेजात फाउंडेशन म्हणतात. दोघांची फाउंडेशनं एकाही बाजूने जुळेनात. कापून, सरकवून, वेल्डिंग मारून ती नव्याने बसवावी लागली. आणि थोरल्याच्या चासीवर वेल्डिंग मारायचं म्हणजे आधी गंज खरवडत खरं लोखंड कुठे लागतं ते शोधायचं. चार गिअरचा बॉक्स होता तिथे पाच गिअरचा आला. त्याचा दांडा नेमका जिथे पत्रा सलग तिथे वर येऊ बघे, त्यामुळे दोन्ही गाड्यांच्या केबिनमध्ये नवी भोकं पडली आणि जुनी भोकं पत्र्याच्या ठिगळांनी बुजली. प्रोपेलर शाफ्ट एकाचा आखूड पडला, दुसऱ्याचा लांब. तो नुसता कापून जोडून भागत नाही. जोड केसभर वाकडा राहिला की वेग घेताच अख्खी गाडी थरथरायला लागते. म्हणून शाफ्ट कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर गेले. ऑइल इंजिनं आणि उसाची यंत्रं घडवण्यात ज्या पेठेच्या पिढ्या गेल्या, तिथल्या कारागिरांनी ते बघितले आणि एवढंच विचारलं म्हणे, "दोन्ही तुमचेच?"

पान्यांचाही घोळ. फ्रेंच इंजिनाला दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधराचे मिलिमीटर पाने चालत. ट्रॅक्टरच्या वंशजाला मध्येच इंची पाना लागे. मेस्त्रीचा पोरगा चुकीचा पाना देई आणि मेस्त्री वर न बघता बोटांनीच ओळखून तो परत फेकी. मी तिथे स्टुलावर बसून चहा पीत असे. माझं काम म्हणजे बॅटरी धरणं आणि अधूनमधून "जमतला" म्हणणं. गॅरेजमध्ये या दोन्ही कामांना माणूस लागतोच.

मधल्या काळात एक पेच निघाला, तो सांगायलाच हवा. मागच्या चाकांच्या मध्ये क्राउन-पिनियन असतं. इंजिनाच्या किती फेऱ्यांना चाकाची एक फेरी, ते तिथे ठरतं. भराभर फिरणाऱ्या प्युजोला घाटात बळ यावं म्हणून धाकट्याच्या गाडीत ते एका मापाचं, आणि सावकाश ओढणाऱ्या डीआयसाठी थोरल्याच्या गाडीत दुसऱ्या मापाचं. इंजिनं बदलली, पण ही मापं तशीच राहिली तर काय होणार? धाकट्याची गाडी भिंतही चढेल, पण हायवेला कोकलेल. थोरल्याची हायवेला पळेल, पण वाळूतून बाहेर निघताना आळस करील. मेस्त्री म्हणाला, खरं तर मागचं हाउजिंगही बदलायला हवं. थोरला विचारात पडला. धाकटा विचारात पडला. मग दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं की इंजिन गेलं, गिअरबॉक्स गेला, आता मागचं हाउजिंगही गेलं तर नुसते हौदे आणि नंबरप्लेटी बदलून काम झालं असतं. वहिनीला हे कळता कामा नये, असं ठरलं. हाउजिंग राहिलं.

चालू करायच्या दिवशी पाऊस थोडा उघडला होता. डिझेलच्या नळीत हवा धरली होती, ती काढण्यात दुपार गेली. नोझलचे नट सैल करून स्टार्टर मारायचा, फेस यायचा, मग स्वच्छ डिझेल. मेस्त्रीने हात पुसले, नारळ घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रामेश्वरा, आज ह्या दोन भावांनी आपापला इंजिन एकमेकांच्या पदरात घातला आसा. काय चुकला-माकला आसात, फाउंडेशन वाकडा बसला आसात, ता सांभाळून घे. ह्येंच्या गाडयेक घाटात यश दी, बंदरार यश दी, आणि माझी मजुरी ह्येंच्याकडसून वेळेर सुटांदी रे म्हाराजा!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" शेवटच्या ओळीला दोघा भावांचा आवाज किंचित बारीक होता. डीआय पहिल्याच झटक्याला उठलं. प्युजोने हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबवलं, पांढरा धूर सोडला आणि मग असं चालू झालं की वहिनीच्या खोलीतल्या पर्यटकाची कूसही बदलली नसती.

इथून पुढची गोष्ट यंत्रांची नाही.

पूर्वी आपल्याकडे साटंलोटं करत. तुमची मुलगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. हुंडा वाचे, मानपान वाचे, आणि दोन्ही घरं एकमेकांच्या मुठीत राहत. इकडच्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं की संध्याकाळपर्यंत तिकडच्या सुनेच्या ताटातली आमटी पातळ होई. भाऊ समजत होते की त्यांनी इंजिनं बदलली. त्यांनी सोयरीक केली होती.

पहिल्या आठवड्यातच दिसून आलं. थोरला कट्ट्याच्या नाक्यावर चहा घेत होता आणि समोरून धाकट्याची गाडी चढावर गेली. थोरल्याने कप खाली ठेवला, कान दिला आणि फोन लावला, "दुसऱ्यार कित्याक रडयतंस तिका? तिसरो टाक!" धाकटा म्हणाला, गाडी माझी आहे. थोरला म्हणाला, "गाडी तुझी आसात, इंजिन माझा हा." वीस वर्षं त्या इंजिनाचं ऑइल ज्याने बदललं, त्याला हे वाटणं साहजिक होतं. पण उलट बाजूही तशीच. चतुर्थीला धाकटा वायरीला आला, तो पायावर पाणी न घेता सरळ मांगरात. बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी काढली, दोन बोटांत तेल चोळून बघितलं, वास घेतला. वहिनी दारातून म्हणाली, "भावजी, आधी पाणी घ्या, मगे ऑइल बघा. गणपतीच्या दिवशी तरी आमची परीक्षा नको."

मग खोड्या निघायला लागल्या. डीआयचा वॉटर पंप गळायला लागला. धाकट्याचं म्हणणं, हा दोष माहेरून आलेला. थोरल्याचं म्हणणं, माझ्याकडे असताना तिने कधी पाण्याचा थेंब गाळला नाही, तुम्ही घाटात छळलंत. उत्तरादाखल त्याने प्युजोच्या गिअरबॉक्सचं गाऱ्हाणं काढलं. तिसरा गिअर टाकताना तो दात खातो, आणि पाचव्याचा तर उपयोगच काय, मालवणहून कसालला हायवे लागेपर्यंत पाचवा गिअर ही शोभेची वस्तू. धाकट्याचा हात मात्र अजून घाटमाथ्यावर गेल्यावर नसलेला पाचवा गिअर शोधतो. पंपाचा खर्च धाकट्याने केला, पण त्याचं बिल त्याने थोरल्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं. पैशांसाठी नव्हे, माहितीसाठी. थोरल्याने उत्तरात आपल्या हीटर प्लगांचं बिल पाठवलं. हा पत्रव्यवहार अद्याप चालू आहे.

हीटरच्या दिव्याने मात्र थोरल्यात फरक पडला, हे नमूद करायला हवं. पूर्वी तो किल्ली फिरवून ताडकन निघे. आता पहाटे चारला त्याला दिवा विझेपर्यंत स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसावं लागतं. वहिनी म्हणते, लग्न झाल्यापासून तो काही न बोलता, काही न करता एका जागी बसलेला तिने पहिल्यांदा बघितला. पर्यटकांना काही कळत नाही. त्यांची आता कोंबड्याबद्दल तक्रार आहे, पण तो कोणाशी बदलून घेता येत नाही.

कागदांचंही झालं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं की १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यायचा असतो. इंजिन नंबर वर्षानुवर्षांच्या ग्रीसखाली असतो. रॉकेल लावून तो घासून काढायचा, वर कागद ठेवायचा आणि पेन्सिलीने घासून ठसा उठवायचा. दोघांनी एकमेकांच्या इंजिनांचे ठसे घेतले. अर्जात कारणाच्या रकान्यात थोरल्याने 'आवाज' लिहिलं होतं आणि धाकट्याने 'घाट'. दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यातून जे काय समजायचं ते समजून घेऊन समोरच्या माणसाने हसू दाबलं. आता 'एमएच ०७' च्या दोन पुस्तकांत साटंलोटं सरकारदरबारी नोंदलं गेलं आहे.

तेवढ्यावर हे संपायला हरकत नव्हती. पण गेल्या मोसमात धाकट्याच्या मनात नवी पिकअप घ्यायचं आलं आणि जुनी विकायला काढली. कोल्हापूरचं एक गिऱ्हाईक आलं. माणूस जाणता होता. चढावर नेऊन बघितली, इंजिनाचा ओढा आवडला, किंमतही जवळपास जुळली. एवढ्यात वायरीहून थोरला स्कूटरवरून हजर. त्याचं म्हणणं एवढंच की गाडी खुशाल विका, पण इंजिन घराण्यातलं आहे. ते घाटावर कायमचं द्यायचं असेल तर माझं इंजिन मला परत मिळायला हवं, म्हणजे धाकट्याचं जे माझ्याकडे आहे ते मी त्याला देणार आणि माझं हे मी नेणार, मग तो त्याचं काय ते विको. धाकटा म्हणाला, मग गिऱ्हाइकाला चढ चढेल असं काय विकू? वहिनीने फोनवरून विचारलं की माझ्या खोल्यांखाली पुन्हा तो आवाज येणार आहे का, ते आधी सांगा. मेस्त्रीला फोन लागला. तो म्हणाला, सोडायला मी तयार आहे, पण गाऱ्हाण्यातल्या शेवटच्या ओळीचं काय झालं?

गिऱ्हाईक पडवीत बसून हे सगळं ऐकत होतं. त्याने कोकमाचं सरबत संपवलं, पेला खाली ठेवला आणि हात जोडले.

"पाव्हणं," तो म्हणाला, "ह्यापरीस एखादी जमीनच दाखवा की."